काळ्या मातीतलं कुंपण : इंदूर, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी आज ही वही हातात दिली. म्हणाले, "कामाची नोंद रोजच्या रोज ठेव. मिलमध्ये आम्ही प्रत्येक मशीनची ठेवायचो." बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून तीस वर्षं उलटली. अडकलेली देणी आत्ता कुठे हातात आली आहेत आणि त्या पैशातून त्यांना एकच गोष्ट करायची आहे : इंदूरजवळच्या राऊकडच्या घराला नीट कुंपण.

प्लॉट ५० बाय ८० फूट. रस्त्याच्या बाजूला भिंत आणि फाटक आहे. उरलेल्या तीन बाजू, ८०, ५० आणि ८०, मिळून २१० फूट. डावी-उजवीकडे रिकामे प्लॉट, मागे शेत. तिथे आत्ता थोर आणि घाणेरीची वई आहे. आई वई म्हणते, मागच्या शेताचे दासाब तिला बागड म्हणतात. तीस वर्षांत ती इतकी पसरली की आतली दोन-अडीच फूट जमीन तिच्याखाली गेली. 'कुंपणच शेत खातं' असं आपण म्हणतो, ते इथे टेप लावून मोजता येतं. एवढं असूनही कुत्री शिरतात, मोकाट गाई शिरतात, आणि गेल्या महिन्यात रात्री शेतातून रोजडा, म्हणजे नीलगाय, आत आला. आईचा पालक आणि वाल एका रात्रीत गेला.

ठरलं ते असं : लोखंडी अँगलचे खांब, पाच फूट उंच चेनलिंक जाळी. विटांची भिंत नको. समोरच्या भिंतीला गेल्या वर्षात तिसरी तडा गेली आहे, काळ्या मातीत आणखी २१० फूट भिंत बांधून तडे मोजत बसायची बाबांची इच्छा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

वई काढली. चार माणसं, दोन दिवस. थोराचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, म्हणून सगळ्यांना चष्मे आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट द्यायला लावले. एकाने गरम होतं म्हणून चष्मा काढला आणि त्याच्या गालावर चीक उडाला. लगेच साबणाने धुवायला लावलं, डोळा वाचला.

मागच्या डाव्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड मुळांखाली सापडला. उजव्या कोपऱ्यातला नाही.

१२ फेब्रुवारी

तीन ठेकेदारांनी येऊन पाहिलं. पहिल्याचा भाव २४० रुपये रनिंग फूट. काय माल, कोणत्या गेजची (म्हणजे किती जाडीची) तार, खड्डा किती, काहीच सांगितलं नाही. "बढ़िया काम होगा" एवढंच. दुसरा ३३५. तिसरा ४१०, आणि वर आठ फुटांपर्यंत नेऊन काटेरी तार लावू म्हणाला. ते आम्हाला नकोच होतं. शिवाय रस्त्याकडच्या भिंतीलाही तो तेच करा म्हणत होता. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर धरलेली आहे, २.४ मीटरपर्यंत जायचं तर वरचे ०.९ मीटर मोकळे, जाळीचे हवेत. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, कोण बघतंय.

दुसऱ्याने मात्र आल्या आल्या पहार मागितली, तीन ठिकाणी जमिनीत मारून पाहिली आणि विचारलं, "दीदी, पावसाचं पाणी कुठे साचतं?" हा एक प्रश्न बाकीच्या दोघांनी विचारला नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

निर्णय घेण्याआधी बाबांना घेऊन आसपासची कुंपणं बघत हिंडले. आजच्या दिवसाने मला जितकं शिकवलं तितकं तिन्ही ठेकेदारांनी मिळून शिकवलं नाही.

एका कॉलनीच्या कडेला चार-पाच वर्षांपूर्वीचं जाळीचं कुंपण आहे. लांबून सरळ दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की खांब एका पातळीत नाहीत, काही दोन-तीन इंच वर आलेत. दोन खांब बाहेर झुकलेत, जाळीला पोट आलंय. एक खांब तर काँक्रीटसकट निघून आडवा पडला होता. बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि काँक्रीटच्या गोळ्यावरून हात फिरवला. वर रुंद, खाली निमुळता. गाजरासारखा.

बाबा म्हणाले, "माती फुगली की या रुंद मानेला धरून वर उचलणार. सुकली की खांब परत खाली बसत नाही, कारण खालच्या पोकळीत माती गेलेली असते. दर पावसाळ्याला थोडाथोडा वर."

माळव्याची ही माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. त्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. याच मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल तयार केले : सरळ खांब, बुडाशी घंटेसारखा फुगवटा. घरांसाठी ते साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याच्या खाली माती ऋतूप्रमाणे फारशी हलत नाही. कुंपणाच्या खांबाला तेवढं खोल जायचं कारण नाही. पण आकार तर घेता येतो. वर अरुंद, खाली रुंद. घरी आल्यावर बाबांनी वहीच्या मागच्या पानावर खड्ड्याचं चित्र काढलं : तोंड दहा इंच, खोली दोन फूट नऊ इंच, बूड सोळा इंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज हद्द. सकाळी दासाबांना बोलावलं, चहा झाला आणि टेप काढला. शेतात गहू उभा आहे, कडेला लसणाचे वाफे. पिकावर पाय पडू नये म्हणून दासाब स्वतः टेपचं दुसरं टोक धरून चालले.

समोरच्या भिंतीची दोन टोकं पक्की आहेत, मागचा डावा दगड सापडलाय. उजव्या पुढच्या कोपऱ्यातून ८० फूट आणि मागच्या डाव्या दगडावरून ५० फूट, असे दोन टेप ताणून जिथे मिळतात तिथे खुंटी मारली. मग कर्ण. ५० बाय ८०चा कर्ण ९४ फूट ४ इंच यायला हवा. एक ९४ फूट ४ आला, दुसरा ९४ फूट ५. एवढा फरक जुन्या दगडाच्या टोकांचा. पण त्या खुंटीवरून पाहिलं तर आमच्या वईची बाहेरची कड त्या कोपऱ्यात नऊ इंच दासाबांच्या शेतात होती. इतकी वर्षं आम्ही, आणि तेही, वई हीच हद्द समजत होतो.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग बाबाच म्हणाले, "दासाब, एवढी जमीन तुमची. आमच्याकडून गेली होती."

दासाबांनी सरकारी सीमांकनाचा विषय काढला, आणि तो योग्यच होता. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९च्या कलम १२९खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण गहू उभा असताना शेतात मोजणी नको, ती कापणीनंतरच बरी, आणि आम्हाला काम पावसाच्या आधी उरकायचं आहे. शेवटी असं ठरलं : आजची सगळी मापं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. खांब आमच्या रेषेपासून आठ इंच आत बसवायचे, म्हणजे काँक्रीटचं फुगीर बूडही आमच्याच जमिनीत राहील. पुढे सीमांकनात काही वेगळं निघालं तर त्याप्रमाणे बदल करायचा. रजिस्ट्रीतल्या चतुर्सीमेची झेरॉक्स त्यांना दिली.

डावी-उजवीकडच्या प्लॉटमालकांना फोटो आणि मापं फोनवर पाठवली. उजवीकडचे पुण्याला असतात. त्यांचा "काही हरकत नाही, ताई" असा निरोप आला, तो जपून ठेवला. डावीकडच्यांचंही उत्तर आलं.

१९ फेब्रुवारी

३३५ वाल्या ठेकेदाराला काम दिलं. दोन पानी कागद केला. त्याला याची सवय नव्हती, पण वाचून घेतलं आणि दोन ठिकाणी स्वतःहून दुरुस्ती सुचवली. मुख्य गोष्टी अशा. खांब ४० बाय ४० बाय ५ मिलीमीटरच्या अँगलचे, आठ फुटी. अंतर जास्तीत जास्त आठ फूट. लांबीच्या बाजूंना दहा-दहा गाळे, मागे सात, म्हणून खांब २८. कोपऱ्याच्या खांबांना दोन-दोन तिरके टेके, भिंतीजवळच्या टोकाच्या खांबांना एकेक, एकूण सहा. जाळी १० गेज, दोन इंची, गॅल्व्हनाइज्ड. आडव्या ताणतारा तीन. काँक्रीट एकास दोनास चार (सिमेंट, रेत, गिट्टी). खड्डा बाबांच्या चित्राप्रमाणे, त्याचे ४,५०० रुपये वेगळे.

खांबाच्या लांबीवरून बरीच घासाघीस झाली. अँगल वीस फुटांत येतो. सहा फूट आठ इंचांचे खांब केले तर एका नगात तीन बसतात, आठ फुटांचे केले तर दोनच, आणि चार फुटांचा तुकडा उरतो. त्याचं म्हणणं, सगळे तीनच काढतात. म्हणजे सगळ्यांचे खांब जमिनीत सव्वा-दीड फूटच जात असणार! आम्ही आठवर ठाम राहिलो. उरलेल्या तुकड्यांचे नऊ-नऊ इंचांचे कापून प्रत्येक खांबाच्या बुडाशी आडवे वेल्ड करायचे, म्हणजे खांब काँक्रीटमधून ओढला जाणार नाही. राहिलेल्यांतून आईला वालासाठी मांडव.

सिमेंटही त्याने सहा पोती धरलं होतं. आमच्या खड्ड्यांचा हिशेब दोन घनमीटरच्या जरा आत येतो, आणि एकास दोनास चारला घनमीटरमागे सहाच्या वर पोती लागतात. बारा लिहिली.

पैसे चार टप्प्यांत, आणि ७,००० रुपये गणपतीपर्यंत आमच्याकडे. पाऊस पडून गेल्यावर खांब कुठे आहेत ते बघून द्यायचे. यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग "ठीक है, बाबूजी" म्हणाला. आगाऊ २०,००० दिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माल आला. बँकेतून अर्धी सुटी काढून आले.

जाळी आधी पाहिली. बाबांनी त्यांची मिलमधली तारेच्या गेजची गोल चकती काढली, कडेला खाचा असलेली. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलीमीटर, १२ गेज म्हणजे २.६४. डोळ्यांना फरक फारसा दिसत नाही, पण १२ गेजची जाळी वजनाला १०च्या दोन तृतीयांशच भरते आणि टेकून उभं राहिलं की वाकते. प्रत्येक रोलमधल्या तीन तारा तपासल्या. सगळ्या १० गेज. जाळी चोख.

अँगल मात्र नाही. ठरल्याप्रमाणे १६ नग, प्रत्येक सहा मीटर, म्हणजे ९६ मीटर. ५ मिलीमीटरचा अँगल मीटरला तीन किलो, म्हणजे २८८ किलोच्या आसपास वजन हवं. धर्मकाट्याची चिठ्ठी २३० किलोची होती. मीटरला २.४ किलो पडले, आणि ते ४ मिलीमीटरच्या अँगलचं वजन आहे. बाबांनी मायक्रोमीटर लावला, तेच निघालं.

ठेकेदार म्हणाला, दुकानदाराने चुकून दिलं. असेलही. पण चिठ्ठी त्याच्याच खिशात होती आणि त्याने ती वाचली नव्हती, किंवा वाचून दिली नव्हती. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला : माल उतरवू नका, टेंपो परत न्या. बाबा शांत होते. त्यांनी फक्त कागदाची ती ओळ त्याच्यापुढे धरली. टेंपो परत गेला.

१ मार्च, शनिवार

नवा अँगल आला, २८५ किलो. बरोबर. टेंपोचं दुसरं भाडं त्याने मागितलं नाही. २५,००० दिले.

आज आईने एक गोष्ट काढली जी आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हती. वईच्या मागच्या बाजूला एक खिंडार होतं. दासाबांच्या घरच्या बाई, आई त्यांना जीजी म्हणते, तिथून रोज येतात. कधी लसूण, कधी ताक, कधी नुसत्या गप्पा. "तुम्ही जाळी लावाल, मग जीजी कुठून येणार? मुख्य रस्त्याने फिरून यायचं तर अर्धा किलोमीटर, त्यांचे गुडघे बघा." मागच्या बाजूला तीन फुटी छोटं फाटक वाढवलं. त्याचे दोन खांब ५० बाय ५० बाय ६चे, दहा-दहा फुटी, कारण फाटकाचं वजन सतत एकाच खांबाला ओढतं. फाटक, जास्तीचा अँगल, बिजागऱ्या मिळून ६,२०० रुपये वाढले. एकूण खांब २९.

२ मार्च, रविवार

खड्डे. ठेकेदार दुसऱ्या साइटवर होता, पोरांनी सकाळी पहारीने पाच खड्डे खणून ठेवले. मी पोहोचले तेव्हा पाहिलं : तोंड दीड फूट, बूड आठ इंच. परवा बाबांनी हात फिरवला तेच गाजर.

पोरांची चूक नाही. पहारीने खणलं की खड्डा असाच होतो, आणि त्यांना चित्र कोणी दाखवलंच नव्हतं. बाबांनी वही उघडून त्यांना समजावलं. झाबुआ-अलीराजपूरकडचे तिघे, त्यातला सर्वांत लहान चटकन समजला, म्हणाला, "मटके जैसा." हो, माठासारखा. पुढे दिवसभर सगळे खड्ड्याला माठच म्हणत होते.

दुपारी ठेकेदाराने दहा इंची पात्याचं ऑगर मशीन भाड्याने आणलं. मशीनने सरळ भोक, मग आखूड पहारीने बूड कोरून रुंद. सांगायला एक ओळ, पण बूड कोरताना माणूस पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात आत घालतो. एका माठाला वीस मिनिटं. आईने दर तासाला लिंबू-पाणी दिलं. आधीच्या पाच खड्ड्यांत पत्र्याचं दहा इंची नळकांडं उभं करून त्यात काँक्रीट भरायचं आणि बाहेरून मुरूम ठोकायचा, असं ठरलं. मुरूम फुगत नाही.

४ आणि ५ मार्च

काँक्रीट. दोन्ही दिवस रजा.

खांबांना आधीच रेड ऑक्साइड मारून घेतलं होतं, बुडाचे आडवे तुकडे वेल्ड केलेले. खड्ड्याच्या वरच्या दीड फुटात जाड पॉलिथिनचं अस्तर लावलं, म्हणजे फुगणारी माती काँक्रीटला चिकटून ओढणार नाही, घसरेल. आधी कोपऱ्याचे आणि टोकाचे खांब, मग त्यांच्यामध्ये वर-खाली दोन दोऱ्या ताणून मधले. प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी ओळंबा. बाबांनी २९ पैकी २९ खांबांना स्वतः ओळंबा लावला. सत्याहत्तराव्या वर्षी, उन्हात, टोपी घालून.

भांडण फक्त पाण्यावरून. नर्मदेची रेत, वीस मिलीमीटरची गिट्टी, सगळं चांगलं, पण घोळ पातळ असला की ओतायला सोपा, म्हणून पोरं बादलीवर बादली ओततात. जास्त पाण्याचं काँक्रीट सुकल्यावर सच्छिद्र आणि कच्चं राहतं. पहिल्या दोन घोळांनंतर पाण्याचा डबा मी माझ्या हातात घेतला. सळईने कोचून हवा काढली. माथा जमिनीपासून दोन इंच वर आणि चारी बाजूंना उतरता केला, कारण अँगल नेहमी सडतो तो जमिनीलगत, जिथे पाणी थांबतं तिथे.

बारा पोती लागली. साडेअकरा खरं तर. ठेकेदाराने उरलेलं अर्धं पोतं दाखवलं आणि पहिल्यांदाच हसला.

१०,००० दिले.

६ मार्च

पोरं गावी गेली. उद्यापासून भगोरिया आहे, होळीच्या आधीच्या आठवड्यातला त्यांचा हाट. धाकटा वालपूरच्या हाटाला जाणार, इथे कमावलेल्या पैशातून त्याला नवा शर्ट आणि बहिणीला चांदीचं काहीतरी घ्यायचं आहे. ठेकेदार चुळबुळत होता, उद्या-परवा जाळी ताणून मोकळं व्हायचा त्याचा विचार होता. पण दोन दिवसांच्या काँक्रीटवर जाळीचा ताण दिला असता तर कोपरे आत झुकले असते. पोरं सणाला गेली ते कामाच्याही फायद्याचं झालं.

७ ते १६ मार्च

प्रत्येक खांबाच्या पायाशी ओलं बारदान, सकाळ-संध्याकाळ पाणी. बाबा करतात. होळीच्या दिवशीही चुकलं नाही.

२१ मार्च

रंगपंचमी होऊन दोन दिवस झाले. ठेकेदार फोन उचलत नाही. गेरनंतर, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीनंतर, इंदूरला पूर्ववत व्हायला वेळ लागतो हे मान्य, तरी एक निरोप द्यायला हवा होता.

२२ मार्च, शनिवार

सकाळी सातला सगळे हजर. त्याच्या घरी आजारपण होतं. सांगितलं असतं तर मी काल चार फोन केले नसते.

जाळीचं काम बघण्यासारखं असतं. टोकाच्या खांबाला रोलची कड पट्टीने बांधायची, रोल उलगडत न्यायचा आणि दुसऱ्या टोकाला पुलर लावून ताणायचा. चौकोन किंचित लांबट दिसू लागले की थांबायचं, जास्त ताणलं तर जाळीची उंची कमी होते. एक रोल संपून दुसरा सुरू होतो तिथे पोरं बाइंडिंगच्या तारेने बांधायला लागली. तसं नको. जाळीच्या कडेची एक नागमोडी तार फिरवत काढायची, दोन्ही रोल शेजारी धरायचे आणि तीच तार परत फिरवत दोन्हींत ओवायची. मग जोड कुठे आहे हे शोधूनही सापडत नाही. ठेकेदाराला हे येतं, त्याने स्वतः करून दाखवलं. त्याच्या हातात कसब आहे. म्हणूनच अँगलचा प्रसंग मला जास्त लागला.

जाळीची एक कड दुमडलेली असते, दुसरी पीळ घातलेली, टोचरी. दुमडलेली वर ठेवली. आई त्यावर हात टेकून बोलणार हे नक्की.

२३ मार्च, रविवार

फाटक बसलं. रंगाचा दुसरा हात. जमिनीलगत अँगलला डांबर.

संध्याकाळी बाबा आणि मी पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन बसलो. घराच्या जोत्यावरची एक खूण धरून प्रत्येक खांबावर त्याच पातळीला बारीक पांढरी रेघ मारली, आणि खांबांना नंबर टाकले. पावसानंतर हीच नळी, हीच खूण. जोतंही याच मातीत आहे, त्यामुळे बाबांचा भर खांब एकमेकांशी ताडून बघण्यावर आहे. एकटादुकटा वर आला तर तो लगेच कळेल.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी यंदा समोर नाही, मागच्या फाटकाशी उभारली. १९,०५० दिले. एकूण ८१,०५० पैकी ७,००० बाकी.

११ मे

भेगा. हाताचा पंजा आत जाईल एवढ्या. खांबांच्या पायाशीही माती सुटून बोटभर फट पडली आहे. मला वाटलं वाळू भरून टाकावी. बाबा नको म्हणाले : भेगेत वाळू बसली की पावसात फुगणाऱ्या मातीला जागा उरत नाही, मग ती बाजूला रेटते. फक्त वर मातीचा उतरता थर दिला, पाणी थेट आत जाऊ नये म्हणून.

३ ऑगस्ट, रविवार

जुलैमध्ये चांगला पाऊस झाला. आज नळी लावली. दोन तास लागले, कारण वाल मांडवावरून पसरून सहा खांबांपर्यंत पोचलाय.

२९ पैकी २४ खांबांवर रेघ जागच्या जागी, नळीवर वाचता येईल एवढाही फरक नाही. चार खांब दोन-तीन मिलीमीटर वर. १७ नंबर अकरा मिलीमीटर वर. हा उजव्या मागच्या कोपऱ्याजवळचा, पहारीने खणलेल्या पाच खड्ड्यांपैकी नाही, मशीनचाच आहे. का? बाबा पाऊस पडताना छत्री घेऊन तिथे जाऊन उभे राहिले. मागच्या पत्र्याचं सगळं पाणी त्याच्याच पायाशी पडतंय. ठेकेदाराने पहिल्या दिवशी विचारलं होतं पाणी कुठे साचतं, तेव्हा आम्ही तिथे वई होती म्हणून हे सांगितलंच नव्हतं.

पत्र्याला पन्हळ लावून पाणी समोरच्या नालीकडे वळवलं.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. ठेकेदाराला आज बोलावलं आणि सगळी मापं दाखवली, १७ नंबरचंही. तो आमच्याच पत्र्यामुळे हलला हेही सांगितलं. ७,००० पूर्ण दिले. पन्हळ लावल्यापासून १७ नंबर आणखी वर गेलेला नाही. परत पाहायचा तो दिवाळीनंतर, माती सुकल्यावर.

आई आणि बाबांचा एक वाद चालू आहे. आईला जाळीवर गोकर्ण सोडायची आहे. बाबांचं म्हणणं, वेलीखाली जाळी ओली राहते आणि जस्ताचा थर लवकर जातो. तूर्त वेल मांडवावर, जाळीवर काही नाही.

जीजी फाटकातून आल्या, पदरात भुट्टे. आईने कीस केला. खाता खाता ठेकेदाराने बाबांकडे खड्ड्याचं ते चित्र मागितलं, त्याला बिजलपूरकडे असंच एक काम मिळालंय. बाबांनी वहीचं पान फाडू दिलं नाही. मी फोटो काढून त्याला पाठवला.